ऑफिसात क्लार्क आहात आणि बाहेर जायचंय? मग पुढची दोन वर्षं अशी वापरा

एमआयडीसीतला कारखाना असो, बिल्डरचं ऑफिस असो नाहीतर ट्रान्सपोर्टवाल्याचं, क्लार्कचं काम सगळीकडे साधारण सारखंच. इनवर्ड-आउटवर्ड, मस्टर, बिलं, कुरिअर, साहेबांचे मेल, आणि वर "जरा हे पण बघ ना" म्हणून आलेलं सगळं. चार वर्षं झाली की पगार एका जागी अडकतो आणि मग रात्री मोबाईलवर कॅनडा पीआरच्या जाहिराती बघणं सुरू होतं. बाहेर जाणं जमतं, नक्की जमतं, पण सगळं थोडं थोडं करणारा क्लार्क म्हणून नाही जमत. एखादं काम धरून त्यात पक्के झालात तरच जमतं, आणि ते इथेच बसून, आहे त्या नोकरीत करायचंय.

आधी जे रस्ते बंद आहेत ते सांगतो म्हणजे पैसे वाचतील. कॅनडात जनरल ऑफिस सपोर्ट वर्करचा कोड 14100 आहे, तो टीयर 4 मध्ये येतो (टीयर म्हणजे कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी, आकडा जितका लहान तितकी वरची), आणि एक्सप्रेस एंट्री म्हणून पीआरच्या अर्जांची जी योजना आहे तिच्यातल्या फेडरल स्किल्ड वर्कर गटाला 0 ते 3 टीयरचाच अनुभव चालतो. डेटा एन्ट्री, रिसेप्शनिस्ट, अकाउंट्स क्लार्क हे पण टीयर 4 च. अॅडमिनिस्ट्रेटिव्ह असिस्टंट 13110 आणि पेरोल अॅडमिनिस्ट्रेटर 13102 हे टीयर 3, बुककीपर 12200 टीयर 2, म्हणजे हे कागदावर पात्र. पण 67 मार्क मिळून पात्र ठरणं वेगळं आणि पूलमधून, म्हणजे पात्र अर्जदारांच्या यादीतून, बोलावणं येणं वेगळं, कारण तिथे तुमची गाठ मास्टर्स झालेल्या आणि कॅनडातच काम करणाऱ्या लोकांशी आहे, आणि आरोग्य, ट्रेड्स, फ्रेंच असे जे खास गट काढतात त्यात ऑफिसचं काम नाही. आणखी एक, मार्च 2025 पासून जॉब ऑफरचे जादा सीआरएस मार्क, म्हणजे पूलमधला क्रम ठरवणारे मार्क, काढून टाकलेत, त्यामुळे "ऑफर लेटर घ्या, मार्क वाढतील" असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर सरळ उठून या.

ऑस्ट्रेलियात जनरल क्लार्क 531111, स्किल लेव्हल 4, स्किल्ड व्हिसाच्या यादीत नाही. ऑफिस मॅनेजर 512111 यादीत आहे पण राज्याचं नॉमिनेशन लागतं, वय 45 च्या आत लागतं, आणि तुमच्या हाताखाली खरोखर माणसं आणि बजेट होतं हे असेसमेंटमध्ये दाखवावं लागतं. क्लार्क असताना मॅनेजरचं लेटर आणायचा उद्योग करू नका. ऑफिसला फोन जातो, पगाराची स्लिप आणि हुद्दा जुळत नाही, आणि खोटी कागदपत्रं सापडली की पुढे काही वर्षं अर्जच करता येत नाही. यूकेचं दार तर 22 जुलै 2025 पासून बंदच झालं, स्किल्ड वर्कर व्हिसाला पदवीच्या पातळीचं काम आणि साधारणपणे वर्षाला 41,700 पौंड पगार, त्यात क्लार्क बसत नाही.

मग उरतं काय? आपल्या लोकांसाठी खरा उघडा रस्ता म्हणजे गल्फ, आणि त्यातही डॉक्युमेंट कंट्रोलर. याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण क्लार्कच्या कामाला सगळ्यात जवळचं आणि बऱ्यापैकी पगाराचं काम हेच आहे, आणि आपल्याकडे कित्येक पोरांना हे पदच माहीत नसतं.

बांधकामाच्या किंवा ऑइल अँड गॅसच्या प्रोजेक्टवर हजारो ड्रॉइंग फिरत असतात. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्तीचा क्रमांक. ठेकेदार ड्रॉइंग कन्सल्टंटकडे पाठवतो ते ट्रान्समिटल लावून, म्हणजे आपल्या आउटवर्डचंच मोठं भावंड. तिकडून ते कोड मारून परत येतं, बहुतेक ठिकाणी ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेऱ्यांसकट मंजूर, सी म्हणजे दुरुस्त करून परत पाठवा, डी म्हणजे नामंजूर. आता समजा एका कॉलमचं ड्रॉइंग रिव्हिजन 2 मंजूर झालं आणि साइटवरच्या फोरमनच्या हातात अजून रिव्हिजन 1 आहे, त्याने त्यावर सळई बांधली, काँक्रीट ओतलं. तोडायचं कोणी आणि खर्च कोणाचा? हे होऊ नये म्हणून जुनी प्रत परत मागवणं, तिच्यावर सुपरसीडेडचा शिक्का मारणं, नवीन प्रत सही घेऊन देणं, आणि हे सगळं एका रजिस्टरमध्ये तारखेनिशी ठेवणं, हे डॉक्युमेंट कंट्रोलरचं काम. इंटरव्ह्यूत पण हेच विचारतात, जुनी रिव्हिजन साइटवरून कशी काढून घेता, उत्तर यायची मुदत उलटलेली सबमिटल, म्हणजे मंजुरीला पाठवलेली कागदपत्रं, कशी शोधता. ज्याने केलंय तो दोन मिनिटांत सांगतो, फक्त क्लास केलेला अडखळतो.

म्हणून पहिलं पाऊल हे. पुण्या-मुंबईत मेट्रो, रस्ते, कारखाना उभारणी, डेटा सेंटर अशी कामं घेणारे ठेकेदार आणि कन्सल्टंट आहेत, तिथे साइट ऑफिसात नोकरी धरा, सुरुवातीला पगार दोन हजारांनी कमी मिळाला तरी चालेल. दोन वर्षं काढा. एक्सेल नीट शिका, फिल्टर लावण्यापुरतं नको, लुकअप, पिव्होट, तारखांचे फॉर्म्युले हात न अडखळता आले पाहिजेत. कंपनीत अकोनेक्स किंवा शेअरपॉइंट (कागदपत्रं ठेवायची-फिरवायची सॉफ्टवेअर) असेल तर त्याचं काम मागून घ्या. इंग्रजीत पाच ओळींचा स्वच्छ मेल लिहिता आला पाहिजे, याची लाज वाटत असेल तर रोज एक लिहा, दुसरा उपाय नाही.

ज्यांना बांधकामाचा कंटाळा आहे त्यांनी पेरोल किंवा अकाउंट्स धरावं. पीएफचं चलन, ईएसआयची 21,000 ची मर्यादा, महाराष्ट्राचा प्रोफेशन टॅक्स फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 का कापतात, फुल अँड फायनल कसं काढतात, हे ज्याला येतं त्याला इथेच चांगल्या जागा आहेत आणि ऑफिसातल्या मस्टर भरणाऱ्या माणसाला हे शिकणं अवघड नाही. नुसती एन्ट्री करणाऱ्याचं मात्र कठीण आहे. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या 2025 च्या अहवालात सगळ्यात जास्त संख्येने घटणाऱ्या कामांत क्लार्क आणि सेक्रेटरी वर आहेत, आणि स्कॅन केलेलं बिल आपोआप टॅलीत जाताना आपण बघतोच की.

वय विशीत असेल आणि भाषा शिकायची तयारी असेल तर जर्मनीचा विचार जरूर करा. तिथे ऑफिस मॅनेजमेंटचं आउसबिल्डुंग असतं, साधारण 3 वर्षांचं, कंपनीत काम आणि व्यावसायिक शाळा दोन्ही, महिन्याला मानधन मिळतं. पण फोन, पत्र, फाईल सगळं जर्मनमध्ये, त्यामुळे बी1 या भाषेच्या मधल्या पातळीच्या सर्टिफिकेटवर जाऊन भागत नाही, तिच्या वरच्या बी2 पर्यंत तयारी ठेवा. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे मॅक्स म्युलर भवन ही जर्मन शिकवणारी संस्था आहे, चौकशी तिथून सुरू करा.

आणि ज्यांना घर सोडायचंच नाही त्यांच्यासाठी एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा आहेच, मूळ वेतन 19,900 पासून, मराठी 30 किंवा इंग्रजी 40 चं टायपिंग लागतं. महसूल खात्यात लागलात तर महसूल सहायक, मग अव्वल कारकून, मग नायब तहसीलदार अशी शिडी आहे, खात्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. वयाची मर्यादा असते म्हणून हा विचार आधी करा, गल्फ नंतरही होतं.

आता कागद. नोकरी सोडताना "अमुक यांनी आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली" असलं दोन ओळींचं लेटर घेऊ नका. लेटरहेडवर हुद्दा, रुजू आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की कसं, पगार, आणि मुख्य म्हणजे रोज करत होता ती पाच-सहा कामं खरी खरी लिहून घ्या. एचआरला वेळ नसतो, मसुदा तुम्हीच करून न्या. नोकरीवर असतानाच घ्या, दोन वर्षांनी साहेब बदललेले असतात.

बारावीवर थांबला असाल तर पदवी पूर्ण करा, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीकॉम नोकरी सांभाळून होतं. यूएईत स्किल्ड कामगार म्हणून नोंद व्हायला बारावीच्या पुढचं अटेस्ट केलेलं सर्टिफिकेट आणि किमान 4,000 दिरहम पगार लागतो, आणि बायको-मुलांना न्यायचं तर साधारण 4,000 दिरहम, किंवा राहायची जागा असेल तर 3,000. ऑफर घेताना नुसता एकूण आकडा नका बघू, बेसिक किती ते बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा पगार. बेसिक 1,200 आणि बाकी सगळे अलाउन्स अशी ऑफर दिसायला गोड असते.

डिग्रीच्या अटेस्टेशनला वेळ जातो, आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. ऑफर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा निदान राज्याचा टप्पा आधीच उरका.

एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते स्वतः तपासा, त्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. यूएईत वर्क परमिट आणि व्हिसाचा खर्च कायद्याने मालकाचा, तो तुमच्याकडून मागत असतील तर गडबड आहे. व्हिजिट व्हिसावर जाऊन इंटरव्ह्यू देता येतात पण काम सुरू करता येत नाही, "आधी जॉइन व्हा, परमिट मागून येईल" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा नाही. इथे सही केलेली ऑफर आणि तिकडच्या कामगार मंत्रालयाच्या करारातला पगार एकच आहे का हे विमानात बसायच्या आधी ओळीनं ओळ लावून बघा, दोन्हीची एक एक कॉपी घरी ठेवून जा, आणि घरच्या एकाला तरी एजंटचा, कंपनीचा आणि भारतीय दूतावासाचा नंबर लिहून द्या.