व्हाइटवॉल टायर: निवडताना आणि निगा राखताना

व्हाइटवॉल, म्हणजे टायरच्या भिंतीवरचा पांढरा पट्टा, कायमचा पिवळा पडतो तो चिखलाने नव्हे. चिखल साबणाने निघतो. काळ्या रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात घातलेली तेलं आणि रसायनं हळूहळू पांढऱ्या रबरात झिरपतात. हा पिवळट-तपकिरी डाग आतून येतो, म्हणून साबणाने निघत नाही.

आधी माप बघा (रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत). अ‍ॅम्बॅसेडरला ५.९०-१५, पद्मिनीला ५.२०-१४, १९५०च्या दशकातल्या बऱ्याच शेव्हरोले गाड्यांना ६.७०-१५. ही जुनी मापं क्रॉसप्लायची, म्हणजे आतले धागे तिरके एकमेकांवर टाकलेल्या टायरची. शेवटच्या मापाला रेडियलमध्ये, म्हणजे धागे सरळ आडवे असलेल्या टायरमध्ये, २०५/७५ आर १५ जवळचं. रेडियल आणि क्रॉसप्लाय एकाच गाडीवर मिसळू नका. कात्रजच्या वळणावर पुढची-मागची पकड वेगवेगळी वागते. पट्ट्याची रुंदी पन्नाशीच्या अमेरिकन गाडीला अडीच-तीन इंच, १९६२नंतर साधारण एक इंच.

पांढरं रबर टायरच्या अंगातच व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे उष्णतेने एकजीव केलेलं हवं. रंगवलेला पट्टा चिरतो. रिमखाली अडकवायची रबरी कडी वेगात फडफडते, तिच्यामागे माती शिरते आणि टायरची भिंत घासून निघते. साइडवॉलवरच्या (टायरच्या भिंतीवरच्या) DOT कोडचे शेवटचे चार आकडेही वाचा, ते बनवल्याची तारीख सांगतात: २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. जुना स्टॉक स्वस्तात मिळाला तरी नको.

बसवताना बीडला, म्हणजे रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेला, ग्रीस किंवा ऑइल लावू देऊ नका, टायर बसवायची पेस्ट किंवा साबणाचं पाणी पुरतं. बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतल्या बाजूला चिकटवून घ्या. नव्या टायरच्या पट्ट्यावर तो जपायला लावलेला निळा लेप असेल तर उन्हात नेण्याआधी, सावलीत कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने तो पूर्ण काढा. एकदा उन्हात वाळला की चिवट होतो. पेट्रोलने पुसायचा मोह टाळा, रबर फुगतं.

एरवी टायर आधी भिजवा, मग भांड्यांचा लिक्विड साबण आणि नायलॉन ब्रश, आणि फेस वाळायच्या आत धुऊन टाका. हट्टी डागाला ४०० नंबरचा पॉलिश पेपर, ओला करून, अगदी हलक्या हाताने. हे क्वचितच करा, पांढरा थर पातळ असतो. चकाकीसाठी सिलिकॉनचं टायर पॉलिश पट्ट्यावर कधीच नको, त्याने पिवळेपणा वाढतो.

पेठांत गाडी लावताना फुटपाथपासून वीतभर अंतर ठेवा. कडेचा काळा-पिवळा रंग पट्ट्यावर घासला की साबणाने निघत नाही. हवाही कमी ठेवू नका: भिंत बाहेर फुगते आणि कडेला आधी तीच लागते.

सुटे टायर ठेवताना पांढरी बाजू पांढरीला, काळी काळीला. उलट रचले तर काळ्याचं तेल शेजारच्या पांढऱ्यात उतरतं.