मी फ्लेक्स बनवायचो (चौकातले नव्हे)

२००८ साली मला पुण्यात पहिली नोकरी लागली आणि बाबांनी सांगलीत सगळ्यांना सांगून टाकलं, "पोरगा फ्लेक्स बनवतो." खोटं काहीच नव्हतं. पण त्या वर्षी गणपतीला घरी गेलो तर गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष पेन ड्राइव्ह घेऊन दारात हजर. अकरा कार्यकर्त्यांचे फोटो, मधोमध त्याचा स्वतःचा जरा मोठा, दहा बाय आठ फूट. "तुझ्याकडं स्वस्तात पडेल न्हवं?"

माझा फ्लेक्स म्हणजे अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीचा. ब्राउझरमध्ये फ्लॅश प्लेअर नावाचं प्लग-इन असायचं आणि त्याच्या आत चालणारी ॲप्लिकेशन्स आम्ही फ्लेक्समध्ये लिहायचो. ते प्लग-इन आता इतिहासजमा झालंय. तरी गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामा, एमएक्सएमएल म्हणजे काय भानगड आहे? मला एक झिप फाइल दिलीय आणि म्हणतात हे सगळं रिॲक्टमध्ये आण." एमएक्सएमएल ही फ्लेक्समध्ये स्क्रीनची मांडणी लिहायची भाषा, आणि रिॲक्ट हे ब्राउझरमधल्या स्क्रीन बनवायचं आजचं साधन. त्या फोननं लक्षात आलं, हे लिहून ठेवायला हवं. त्याच्यासारखे आणखीही असतील.

आधी त्या काळाबद्दल थोडं. तेव्हा कित्येक ऑफिसांत इंटरनेट एक्स्प्लोरर ६ होता. फॉर्म भरा, सबमिट दाबा, पान पांढरं होणार, मग पुन्हा येणार. फ्लेक्समध्ये एकदा ॲप्लिकेशनची तयार फाइल, म्हणजे एसडब्ल्यूएफ, उतरली की पुढे पान पांढरं व्हायचंच नाही. टेबलचा रकाना ओढून इकडचा तिकडे करा, आलेखावर क्लिक करून खालची यादी गाळा, सगळं जागच्या जागी. आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये तेच रूप. मॅक्रोमीडियानं हे २००४ मध्ये आणलं तेव्हा ते सर्व्हरवर चालणारं महागडं प्रकरण होतं. २००५ च्या अखेरीस ती कंपनी अडोबीनं घेतली, २००६ मध्ये फ्लेक्स २ सोबत ॲक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लेक्सचा कोड लिहायची भाषा) आली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये फ्लेक्स ३ चं एसडीके (ॲप्लिकेशन बनवायच्या साधनांचा संच) ओपन सोर्स झालं. मी शिरलो तो नेमका या वळणावर. सी-डॅकचा कोर्स करून आलेला, जावा बऱ्यापैकी येणारा, स्क्रीन डिझाइनमध्ये शून्य.

शिकायला अडोबीचा 'फ्लेक्स इन अ वीक' हा व्हिडिओ कोर्स होता. तो मी बघितला, छान वाटला, आणि सोमवारी ऑफिसात एक ओळ लिहिता येईना. मला खरं शिकवलं ते उजव्या क्लिकनं. अनेक जण आपली नमुन्याची ॲप्लिकेशन्स 'व्ह्यू सोर्स' उघडं ठेवून टाकायचे. उजवं क्लिक करायचं, सोर्स उतरवायचा, एक ओळ बदलायची आणि काय मोडतं ते बघायचं. आजही नवीन पोरांना मी हेच सांगतो. चालणारी वस्तू घ्या आणि मोडा. कोऱ्या फाइलपासून सुरुवात केली तर आपण फक्त आपल्याच चुका करत बसतो.

पहिले तीन महिने माझी गाठ रोज एरर क्रमांक १००९ शी पडली. नल, म्हणजे नसलेल्या, वस्तूवर काहीतरी करायला गेलात, एवढंच तो सांगायचा. कारण गमतीचं होतं. टॅब नॅव्हिगेटरमध्ये चार टॅब असतील तर फ्लेक्स फक्त पहिल्याच टॅबमधली बटणं, टेबलं बनवायचा. बाकीचे टॅब कुणी उघडेपर्यंत ती जन्मालाच यायची नाहीत. मी मात्र सर्व्हरकडून माहिती आली की थेट तिसऱ्या टॅबच्या टेबलमध्ये भरायला जायचो. टेबल कुठाय? नाहीच. मग कुठंतरी वाचलं की 'क्रिएशनपॉलिसी ऑल' लिहिलं की सगळं एकदम तयार होतं. मी ते दिसेल तिथं लिहिलं. एरर गेला आणि ॲप्लिकेशन उघडायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागायला लागला.

आमच्या टीम लीड मॅडम सोलापूरच्या. त्यांनी कोड बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "अरे, पाहुणा घरी यायच्या आधीच त्याच्या हातात ताट द्यायला कशाला जातोयस? ताट टेबलावर ठेव. आला की घेईल." म्हणजे माहिती वेगळ्या मॉडेलमध्ये ठेवायची, त्याला 'बाइंडेबल' (बदललं की स्क्रीनला कळवणारं) म्हणायचं आणि स्क्रीन जन्माला आली की तिनं महिरपी कंसातून स्वतः वाचायची. पुढे रिॲक्टमधलं स्टेट, म्हणजे स्क्रीनची माहिती, वरच्या घटकाकडे उचलण्याचं प्रकरण मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

एरर क्रमांक २०४८ ची गोष्ट थोडक्यात. माझ्या मशीनवर सगळं चालायचं, क्लायंटच्या सर्व्हरवर बंद. एका डोमेनवरून आलेली एसडब्ल्यूएफ दुसऱ्या डोमेनकडून माहिती मागत असेल तर त्या दुसऱ्या सर्व्हरवर क्रॉसडोमेन नावाची एक्सएमएल फाइल लागायची, कुणाला परवानगी आहे ते सांगणारी. मी तिच्यात * अशी फुली मारली, म्हणजे 'सगळ्यांना'. मॅडमनी ते पाठवायच्या आधी पकडलं म्हणून बरं. आज हेच दुखणं कॉर्स नावानं येतं आणि आजही पोरं तीच फुली मारतात.

पण ज्या चुकीनं मला घाम फोडला तिला क्रमांकच नव्हता. मालवाहतुकीच्या एका परदेशी कंपनीसाठी आम्ही डॅशबोर्ड करत होतो. पाचशे गाड्यांची यादी, प्रत्येक ओळीत एक चेकबॉक्स. डेमोमध्ये क्लायंटच्या माणसानं तिसऱ्या गाडीवर खूण केली, खाली सरकला, आणि विसाव्या गाडीवरही खूण! पुन्हा वर आला तर तिसरीची खूण गायब. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग." त्या एका शब्दानं माझे दोन दिवस खाल्ले.

झालं असं होतं. यादी पाचशेची असली तरी स्क्रीनवर एका वेळी पंधराच ओळी दिसतात. मग फ्लेक्स पाचशे चेकबॉक्स बनवत नाही. सतरा-अठरा बनवतो आणि तेच फिरवतो. वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ खालून नवी माहिती घेऊन परत येते. खानावळीत बघा, ताटं वीसच असतात आणि जेवणारे दोनशे. ताट विसळलं नाही तर आधीच्या माणसाची उसळ पुढच्याच्या ताटात. मी खूण ताटातच ठेवली होती, म्हणजे चेकबॉक्समध्ये. ती ठेवायला हवी होती जेवणाऱ्याच्या नावावर, म्हणजे त्या गाडीच्या नोंदीत. आणि ताट पुढच्याकडं जाताना प्रत्येक वेळी नोंद बघून खूण लावायची किंवा काढायची. काढायची हा भाग सगळे विसरतात. दुरुस्ती चार ओळींची निघाली. पुढे अँड्रॉइडवर रिसायकलर व्ह्यू (तिथला लांब यादी दाखवणारा घटक) शिकायला बसलो तेव्हा शेजारच्याच्या चेकबॉक्सनं त्याला असंच छळलेलं बघून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनं फ्लॅश आयफोनवर का नको यावर जाहीर पत्र लिहिलं. आम्ही कँटीनमध्ये हसलो. आयफोन घेणार कोण, आमचे क्लायंट तर डेस्कटॉपवर. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीनं मोबाइल ब्राउझरसाठीचा फ्लॅश थांबवला आणि पाठोपाठ फ्लेक्स ओपन सोर्सवाल्या अपाची फाउंडेशनकडे देऊन टाकायचं जाहीर केलं. शेजारच्या टीममधले सिल्व्हरलाइटवाले (मायक्रोसॉफ्टचं फ्लॅशसारखंच प्लग-इन) आमची चेष्टा करत होते. पुढच्याच महिन्यात त्यांची पाचवी आवृत्ती आली, ती शेवटचीच ठरली.

कंपनीनं मला त्यानंतरही दीड वर्ष फ्लेक्सच्याच देखभालीवर ठेवलं, कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा ते मला महत्त्व वाटलं. तो सापळा होता. एखाद्या गोष्टीतले तुम्ही एकटेच उरला असाल तर रोज एक तास दुसरं काहीतरी शिका, वरिष्ठांना न विचारता.

मुलाखतींना जायला लागलो तर रेझ्युमेवरचं 'फ्लेक्स डेव्हलपर' वाचून समोरचा कसनुसा चेहरा करायचा. पण इव्हेंट बबलिंगचा (आतल्या बटणावरचं क्लिक बाहेरच्या घटकांपर्यंत कसं पोचतं, त्याचा) प्रश्न आला की मी फाडफाड बोलायचो, कारण ॲक्शनस्क्रिप्ट ३ चं इव्हेंट मॉडेल ब्राउझरच्या डॉमवरूनच (पानाच्या रचनेवरून) घेतलेलं. आपटलो ते 'धिस' वर, म्हणजे मेथडचा मालक कोण ते सांगणाऱ्या शब्दावर. ॲक्शनस्क्रिप्टमध्ये मेथड कुठंही पाठवा, ती आपल्या मालकाला विसरत नाही. जावास्क्रिप्टमध्ये विसरते. हे मला भर मुलाखतीत, पांढऱ्या फळ्यासमोर कळलं. पुढे जावास्क्रिप्टवर प्रकार चढवणारी टाइपस्क्रिप्ट आली तेव्हा मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. नावापुढे कोलन देऊन प्रकार लिहायचा, क्लास, इंटरफेस, सगळी ओळखीची भांडी.

आता भाच्याची झिप. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं स्वतःच मजकूर चालवणं बंद केलं. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्यानं तर तेव्हा आपले फ्लॅशचे फॉर्म चालावेत म्हणून वेगळा ब्राउझरच काढला होता. तेव्हा अशी जुनी ॲप्लिकेशन्स अजून कुठंतरी निघतात याचं आश्चर्य नको. मी त्याला म्हटलं, मेन एमएक्सएमएल उघडून वाचत बसू नकोस, हरवशील. मागं ब्लेझडीएस (फ्लेक्सला जावाशी जोडणारा सर्व्हरवरचा भाग) असेल तर रिमोटिंग कॉन्फिग नावाची फाइल शोध. कुठल्या नावानं कुठला जावा क्लास बोलावला जातो याची यादी तिथं आहे. तीच तुझी अनुक्रमणिका. जावाचा भाग सहसा धडधाकट असतो, त्याला हात लावू नकोस, त्याच्यावर नवं रेस्टचं (साध्या वेब विनंत्यांचं) दार बसव. सोर्स अर्धाच मिळाला असेल तर एसडब्ल्यूएफ उलगडणारी साधनं आहेत, पण त्यातून एमएक्सएमएल परत मिळत नाही, कंपायलरनं बनवलेली ॲक्शनस्क्रिप्ट मिळते, आणि कॉमेंट्स गेलेल्या असतात. स्क्रीन कशा दिसायच्या ते बघायला ब्राउझरशिवाय एकटा चालणारा फ्लॅश प्लेअर वापर.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. "मामा, नवीन स्क्रीनवर गोदामातल्या शिल्लक मालाचा रकाना काही ठिकाणी रिकामा येतोय. जुन्यात तिथं शून्य होतं. क्लायंट म्हणतो आम्ही बिघडवलं."

बिघडवलं नव्हतं. जावाकडून येत होता नल. ॲक्शनस्क्रिप्टमधल्या 'इंट' मध्ये, म्हणजे पूर्णांकात, नल ठेवता येत नाही, तो गुपचूप शून्य होतो. नवीन कोड नलला नलच दाखवत होता. भाचा म्हणाला, मग मी पण शून्य दाखवू का? मी म्हटलं, थांब, आधी त्यांना विचार, त्या शून्याचा अर्थ 'माल संपला' की 'माल मोजलाच नाही'?

त्यानं मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं: दोन्ही.