क्वालिफायरच्या तयारीत या चुका टाळा

क्वालिफायर, म्हणजे पीएचडीतली पात्रता परीक्षा, महिन्यावर आली की मुलं नवे रिसर्च पेपर उतरवत सुटतात. थोडे धड वाचलेले, बाकीच्यांचे ॲबस्ट्रॅक्ट विरार लोकलमध्ये उभ्याने चाळलेले. परीक्षकांची कमिटी त्यातलं क्वचितच विचारते. ती तुमच्याच स्लाइडवरचा एखादा आकडा धरते आणि खणत जाते.

एका मुलीने क्यूपीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवत मोजण्याच्या तंत्राचा) आलेख दाखवला, जीनचं एक्स्प्रेशन ३२ पट वाढलेलं. "३२ कुठून आले?" सीटीमध्ये, म्हणजे सिग्नल ठरावीक पातळीला पोहोचायला लागलेल्या सायकलींमध्ये, ५ चा फरक, म्हणून २ चा पाचवा घात. "आणि हा २ कुठून आला?" तिथे गाडी अडली ती अडलीच. २ म्हणजे दर सायकलला डीएनए बरोबर दुप्पट होतो, एफिशियन्सी १००% आहे, असं आपण धरून चालतो. ते तपासायला सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) दहा-दहा पट पातळ करत पाच पायऱ्यांचा स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे प्रमाणाच्या लॉगसमोर सीटीचा आलेख, काढावा लागतो. स्लोप −३.३२ आला तर १००%, −३.६ आला तर ९०%. मग त्याच ५ सायकलींचे १.९ च्या पाचव्या घाताने जेमतेम २५ पट होतात. ज्याच्याशी तुलना करतो त्या हाउसकीपिंग जीनची एफिशियन्सी फार वेगळी निघाली तर डेल्टा-डेल्टा सीटीचं, म्हणजे सीटीच्या फरकांवरून पट काढायचं, सूत्र लावताच येत नाही. "किट चांगलं आहे" हे उत्तर देऊ नका, किटला तुमचे प्रायमर (तुमच्या जीनला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) ठाऊक नसतात. स्लाइडवरच्या प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने "कुठून?" लिहा आणि उत्तर संपेपर्यंत खाली उतरा. कंटाळवाणं आहे, पण याला शॉर्टकट नाही.

एकाच डिशमधल्या पेशींचे तीन वेल्स (प्लेटमधले खळगे) म्हणजे एन, म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या, ३ नव्हे, १. त्यांचे एरर बार छान बारीक दिसतात, कारण त्यात फक्त पिपेटिंगची तफावत असते. पेशी वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजला (पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याच्या वेगळ्या फेरीला) लावून प्रयोग तीनदा करा, टी-टेस्ट त्यानंतर.

कंट्रोल शेवटच्या स्लाइडवर ढकलू नका. १८९७ साली भायखळ्याच्या तुरुंगात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस टोचली, तेव्हाही लस न घेतलेले कैदी तुलनेला होते. तुमचं औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं असेल, तर तेवढ्याच टक्क्याच्या नुसत्या डीएमएसओचा वेल हवाच.

मॉक, म्हणजे सरावाची परीक्षा, आपल्याच लॅबमध्ये देऊ नका, ती मंडळी भिडेखातर सोडून देतात. शेजारच्या लॅबमधला खडूस सीनियर पकडा, चहा पाजा.

सराव फळ्यावर, मार्कर हातात घेऊन करा. कमिटीने "लॅपटॉप बंद करा" म्हटलं की ॲनिमेशनवाल्यांची पंचाईत होते.