बी४५० बोर्डवर ५६०० बसवायचाय? मग आधी बायोस

जुना रायझन (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) काढून रायझन ५ ५६०० टाकून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्या दुकानात अजूनही येतात. सौदा चांगलाच आहे: बोर्ड तोच, रॅम तीच, आणि मशीनला आणखी काही वर्षं मरण नाही. अडतं ते बायोसवर, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्याच सॉफ्टवेअरवर. बी४५० चिपसेटचे मदरबोर्ड २०१८ सालचे, ५६०० आला २०२२ मध्ये. बायोस जुना असेल तर तो नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचा. उलट केलंत तर सगळं पुन्हा उकला, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पुसा, जुना बसवा.

असं काही कारण किंवा सुरक्षेची दुरुस्ती नसेल, तर नुसतं नवं व्हर्जन आलंय म्हणून बायोसला हात लावू नये, या मताचा मी आहे.

खालचं सगळं गिगाबाइटच्या बी४५०एम डीएस३एच बोर्डाला धरून सांगतोय. कीबोर्डवर विंडोज आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो३२ टाइप करा. बोर्डाचं नाव आणि सध्याचं बायोस व्हर्जन दिसेल. तेवढ्यावर विसंबू नका. कॅबिनेटचं झाकण काढा आणि टॉर्च मारून बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेला रेव्हिजन नंबर वाचा. डीएस३एच आणि डीएस३एच व्ही२ नावाला सख्खी भावंडं, पण बायोस वेगळे.

आता कंपनीच्या साइटवर बरोबर तेच मॉडेल उघडा. सीपीयू सपोर्ट लिस्टमध्ये प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान कोणतं बायोस व्हर्जन लागतं ते दिलेलं असतं. डाउनलोडखालची टीप कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा. फार जुन्या व्हर्जनवरून थेट उडी मारता येत नाही, मधलं एखादं आधी टाकावं लागतं, ते तिथेच लिहिलेलं असतं.

झिप सोडवली की तीन फाइली निघतात. ऑटोएक्झेक आणि ईफायफ्लॅश विसरा. हवी ती तिसरी, जिच्या नावाच्या शेवटी एफ आणि आकडा असतो. विंडोजमध्ये ती उघडत नाही, म्हणून खराब आहे असं समजू नका. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून ती फाइल फोल्डरबिल्डर न करता थेट त्यात टाका.

सगळ्यात जास्त रडारड होते ती बिटलॉकरवरून, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या, तिला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीवरून. नव्या लॅपटॉप-पीसीत विंडोज ११ अनेकदा न विचारताच डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवतं, मालकाला पत्ताही नसतो. या कुलपाच्या चाव्या एफटीपीएम नावाच्या सुरक्षा-भागात, आणि तो असतो प्रोसेसरच्या पोटात, म्हणून प्रोसेसर बदलला की चाव्यांची पंचाईत. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू दिसलं, तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मी तर प्रोसेसर बदलायच्या आधी एन्क्रिप्शन पूर्ण बंदच करायला लावतो. वेळ जातो, जाऊ दे.

मशीन यूपीएसवर घ्या. पुण्यात असाल तर गुरुवारी हे काम काढू नका, लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

रीस्टार्ट करताना एंड की दाबली की क्यू-फ्लॅश, म्हणजे बोर्डातलंच बायोस अपडेट करायचं साधन, उघडतं. अपडेट बायोस, पेनड्राइव्हवरची फाइल, ओके. पट्टी सरकत असताना कशालाही हात लावायचा नाही. विंडोजमधून बायोस टाकणारं ॲपही असतं. मी ते वापरत नाही. मध्येच विंडोज अडकलं तर काय करणार?

मशीन आपोआप रीस्टार्ट होईल. डिलीट दाबून बायोसमध्ये जा, नवं व्हर्जन दिसतंय याची खात्री करा, मग बंद करून प्रोसेसर बदला. पहिल्यांदा चालू केल्यावर बहुधा इंग्रजीत मोठा मजकूर येतो: नवा सीपीयू बसवलाय, एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन? एन्क्रिप्शन बंद असेल किंवा की हातात असेल तर बिनधास्त वाय.

अपडेटनंतर सेटिंग्ज मूळपदावर येतात. एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बिचारी २१३३ किंवा २६६६ वर रखडते. अँड्रॉइड एम्युलेटर वापरत असाल तर एसव्हीएम (व्हर्च्युअलायझेशनची सेटिंग) चालू आहे का तेही तपासा.

आणि जुना प्रोसेसर लगेच ओएलएक्सवर टाकू नका. वर एन दाबलं असेल आणि की सापडत नसेल, तर डिस्क उघडायला तोच परत बसवावा लागतो.