रंग, पडदा आणि पंगत : व्हीगन प्रदर्शन कसे भरवावे

प्राण्यांच्या हक्कांविषयी चित्रे, चित्रफिती आणि जेवण एकत्र आणणारे एका दिवसाचे प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात किंवा महाविद्यालयात पन्नास-साठ माणसांसाठी सहज भरवता येते. खर्च फारसा येत नाही. कष्ट पडतात ते भूमिका नेमकी ठेवण्यासाठी. 1944 साली इंग्लंडमध्ये ‘व्हीगन’ हा शब्द रूढ करणाऱ्यांनी शाकाहाराहून वेगळा शब्द मुद्दाम शोधला, कारण त्यांना मांसाबरोबर दूध आणि अंडीही सोडायची होती. पुढे मध, लोकर, रेशीम आणि चामडे यांचाही त्याच विचारात समावेश झाला. महाराष्ट्रात शाकाहार जुना आहे, परंतु तो सोवळ्याओवळ्याशी आणि जातीच्या उतरंडीशी जोडला गेलेला आहे. म्हणून ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’, ‘पवित्र’ हे शब्द फलकांवर कोठेही येऊ देऊ नयेत, आणि मासळी विकणाऱ्या कोळणीला किंवा खाटकाला हिणवणारे एकही चित्र भिंतीवर लावू नये.

विषयाची सुरुवात दुधापासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण तो प्रश्न शाकाहारी घरालाही चुकवता येत नाही. म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, तिला झालेला रेडा दुधाच्या धंद्याला निरुपयोगी ठरतो, आणि भाकड झालेल्या म्हशीला पोसणे गोठेवाल्याला परवडत नाही. दूध उत्पादनात जगात पहिला असलेला भारत म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकीही एक आहे, या दोन गोष्टी एकाच फलकावर शेजारी शेजारी लिहिल्या की पाहणारा स्वतःच त्यांचा संबंध जोडू लागतो.

चित्रे मागवताना चित्रकारांना विषयाबरोबर साहित्याची अटही आधी कळवावी. पुष्कळ चांगल्या चित्रकारांना ती ऐकून नवल वाटते. काळा रंग विकत घेताना ‘बोन ब्लॅक’ किंवा ‘आयव्हरी ब्लॅक’ असे नाव दिसल्यास तो सहसा जाळलेल्या हाडांचा असतो. काजळीपासून केलेला ‘लॅम्प ब्लॅक’ त्याच्या जागी चालतो. अस्सल कार्माइनचा लाल रंग किड्यांपासून काढतात. जलरंगाच्या अनेक महागड्या कागदांना जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनची खळ असते, तर कॅनव्हासला अस्तर देण्याच्या जुन्या पद्धतीत सशाच्या कातड्याचा सरस वापरतात. कुंचल्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी, कारण मुंगसाच्या केसांचे कुंचले आपल्या बाजारात वर्षानुवर्षे विकले गेले आहेत. मुंगसाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांची विक्री हा गुन्हा आहे, आणि अशा कुंचल्यांमागे प्राण्यांची शिकार असते. नायलॉनचे कुंचले आता सर्व आकारांत मिळतात.

साहित्याचा हा पेच टाळायचा असेल तर रांगोळीसारखे दुसरे माध्यम नाही. व्हीगन दिन 1 नोव्हेंबरला, म्हणजे बहुधा दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि त्या दिवसांत रांगोळीची प्रदर्शने पाहायला लोक आपणहून येतात. दगडाच्या भुकटीतून साकारलेल्या गाईच्या डोळ्यासमोर माणसे जितका वेळ थांबतात, तितका वेळ ती रक्ताने माखलेल्या छायाचित्रासमोर थांबत नाहीत. वारली शैलीतील कामही ठेवावे. तिचा पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा आणि कुंचला बांबूच्या काडीचा असतो. मात्र पारंपरिक भिंत शेणाने सारवलेली असते, म्हणून कागदावर गेरूची पार्श्वभूमी देऊन केलेली चित्रे मागवावीत. चित्राखालच्या पट्टीवर चित्रकाराच्या नावाबरोबर साहित्यही लिहावे. एका फलकावर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची ओळख अवश्य द्यावी, कारण 1952 साली राज्यसभेवर नेमल्या गेलेल्या या भरतनाट्यमच्या कलावतीने प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध विधेयक मांडले, त्या प्रयत्नांतून 1960 चा कायदा आला आणि 1962 मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

चित्रफिती थोड्या आणि लहान असाव्यात. वीस मिनिटांत संपणारा कार्यक्रम आणि त्यानंतर तितकीच चर्चा, हे प्रमाण मला योग्य वाटते. कत्तलखान्यातील दृश्ये असल्यास ती वेगळ्या खोलीत दाखवावीत, दारावर तशी स्पष्ट सूचना लावावी आणि मुलांना आत सोडू नये. समाजमाध्यमांवरून उचललेली चित्रफीत कोठली आणि कधीची हे पडताळल्याशिवाय दाखवू नये. परदेशातील चित्रीकरण आपल्याकडचे म्हणून दाखवणे हे असत्य आहे, आणि प्राण्याला मुद्दाम संकटात टाकून त्याच्या ‘सुटके’चे चित्रण करणारेही आढळतात. स्वतः चित्रीकरण करणार असाल तर गोठ्याच्या मालकाची संमती घ्यावी आणि मजुरांचे चेहरे दाखवू नयेत, कारण हातावर पोट असलेल्या त्या माणसांवर सगळा दोष ढकलला जातो. गावात कार्यक्रम असेल तर बैलगाडा शर्यतीचा विषय निघणारच. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी आणि 2023 मध्ये घटनापीठाने मान्य केलेला, शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा, या दोन्ही गोष्टी सांगता येतील अशी तयारी ठेवावी. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या शेतकऱ्याला बैलाविषयी प्रेम नाही, असे गृहीत धरून बोलू नये.

जेवणात नकली मांस किंवा आयात केलेले महाग पदार्थ ठेवू नयेत. त्यामुळे हा विचार श्रीमंतांचा छंद असल्याचा समज होतो. पिठले-भाकरी, ठेचा, भरली वांगी, चिंच-गूळ घातलेले अळूचे फतफते, डाळिंब्यांची उसळ, काळ्या वाटाण्यांची आमटी, गोव्याचे खतखते आणि नारळाच्या दुधातली सोलकढी हे पदार्थ मुळातच दुधाविना होतात. मसालेभातावर तुपाऐवजी ओले खोबरे घालावे. गोडासाठी मालवणकडचे शिरवाळे करावेत, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. मिठाई बाहेरून आणायची असल्यास वर्ख नसलेलीच आणावी, कारण जनावराच्या आतड्याच्या पडद्यांमध्ये चांदी ठेवून ती कुटण्याची पद्धत जुनी आहे.

मठ्ठ्यावाचून पंगत पुरी होत नाही, म्हणून शेंगदाण्याचे दही दोन दिवस आधी करून पाहावे. पाव किलो कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवून साले काढावीत, एक लिटर पाण्यात बारीक वाटून फडक्यातून गाळावेत आणि ते दूध सतत ढवळत मंद आचेवर उकळावे. हात थांबला तर ते बुडाशी लागते. कोमट झाल्यावर त्यात आठ-दहा हिरव्या मिरच्यांचे देठ बुडवून भांडे रात्रभर उबदार जागी झाकून ठेवावे. पहिले दही पातळ होते, परंतु त्याचेच विरजण घेऊन दुसरे लावले की ते चांगले घट्ट लागते. पहिल्या खेपेला हताश होऊन पुष्कळजण हा प्रयोग सोडून देतात, तसे करू नये. आले, जिरे, कोथिंबीर आणि मीठ घातल्यावर शेंगदाण्याचा उग्रपणा जवळजवळ जातो. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, त्यामुळे तसा फलक वाढण्याच्या टेबलावर ठळकपणे लावावा. बाजारातील बिस्किटे व पाव घेताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, कारण दूध, तूप आणि मध असलेल्या पदार्थांवरही तोच ठिपका असतो. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2022 चे वेगळे नियम आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे हिरवे चिन्ह आहे, ते पाहावे.

समारंभातल्या लहान गोष्टी आयत्या वेळी निसटतात. पाहुण्यांना शाल-श्रीफळ देण्याची प्रथा सांभाळायची असल्यास शाल सुती घ्यावी, समईत तूप न घालता तेल घालावे, आणि ईशस्तवनाला टाळ-चिपळ्यांची साथ ठेवावी, कारण तबला व ढोलकी सहसा चामड्याने मढवलेली असतात. स्वागताला उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना पैठणी न नेसता पूर्णपणे सुती इरकल किंवा खणाचे वस्त्र नेसण्याची विनंती आठवडाभर आधीच करावी. पंगतीत वाढणाऱ्यांनी कोणालाही ‘तुम्ही मांस खाता का’ असे विचारू नये. पदार्थ आवडल्याचे कोणी सांगितले, तर तो कसा केला ते सांगावे आणि मठ्ठ्याची कृती छापलेला कागद, सोबत वाटीभर शेंगदाण्याचे विरजण, त्यांच्या हाती द्यावे.