टॉप बार पेटीतलं पोळं न तुटता कसं तपासायचं

केनियात १९७०च्या दशकात रूढ झालेली टॉप बार मधपेटी स्वस्त पडते, पण तिला चौकट नसते. पोळं फक्त वरच्या पट्टीला लोंबतं आणि तपासताना तुटून पडतं.

१. शेवटची रिकामी पट्टी आधी काढा, म्हणजे हात फिरायला जागा होते.

२. माश्यांनी पोळं भिंतीला चिकटवलेलं असेल, तर लांब पात्याची सुरी खालून वर न्या. वरून खाली दाब दिला की पोळं पट्टीपासूनच सुटतं.

३. पट्टी सरळ वर उचला. दुसरी बाजू वहीचं पान उलटावं तशी, उभीच फिरवून पाहा. आडवं मात्र कधीच धरू नका. बहुतेक पोळी इथेच जातात.

४. पट्ट्या त्याच क्रमाने, त्याच तोंडाने परत ठेवा.

भर उन्हात पेटी उघडू नका, मेण मऊ झालेलं असतं. नवं पांढरं पोळं तर सकाळीही जपूनच.

आणि हो, ही पोळी नेहमीच्या मधयंत्रात, म्हणजे पोळं गरगर फिरवून मध काढणाऱ्या यंत्रात, टिकत नाहीत. ती कुस्करून गाळावी लागतात, मग माश्यांना मेण पुन्हा पहिल्यापासून बांधावं लागतं. पेटी घेण्याआधीच हा हिशोब करा.