होडीची बॅटरी सारखी उतरते? नवी आणण्याआधी या चुका टाळा

आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले एक काका निवृत्तीनंतर भाडभूतच्या एका मच्छीमार मित्राबरोबर भागीत होडी चालवतात. भाडभूत भरुचच्या पश्चिमेला, नर्मदेच्या मुखाजवळ आहे. पावसाळ्यात हिलसा मासळी अंडी घालायला समुद्रातून नदीत चढते, तेव्हा तिथला काठ रात्रभर जागा असतो. गेल्या हंगामात काका दोनदा उतरलेली बॅटरी घेऊन माझ्या बॅटरीच्या दुकानात आले. दोन्ही वेळा मी चार्जिंगला लावून पाहिली, "बसली आता ही" म्हटलं आणि नवी दिली. तिसऱ्यांदा आले तेव्हा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, बॅटरी मरते ते मलाही दिसतंय. तिला मारतंय कोण, ते बघ की."

ते बोलणं मला लागलं, कारण चूक माझीच होती. वडोदऱ्यात बसून गाडीची बॅटरी बदलणं वेगळं. गाडी बंद पडली तर ढकलता येते. नर्मदेच्या मुखाशी ओहोटी लागलेली असताना मशीन सुरू झालं नाही, तर होडी खंभातच्या आखाताकडे ओढली जाते, आणि दिवा, पंप, वायरलेस सगळं त्याच बॅटरीवर असतं. दुसऱ्याच रविवारी मी मीटर घेऊन भाडभूतला गेलो. तिथे सापडलेल्या आणि नंतर इतर होड्यांवर पाहिलेल्या चुका इथे लिहितो आहे.

बॅटरीवर आधी आळ घेऊ नका

बॅटरी उतरण्याची कारणं तीनच. ती स्वतः खराब आहे, तिला पुरेसं मिळत नाही, किंवा तिच्यातून कोणीतरी गुपचूप घेतं आहे. यातलं पहिलं तपासायला काही खर्च नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करा, होडीवरून काढून घरी आणा, दोन्ही वायरी सुट्या ठेवा. चार-सहा तासांनी व्होल्टेज लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. साधी १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. दुसऱ्या दिवशीही १२.६ असेल तर बॅटरी निर्दोष आहे, चोर होडीवर आहे. नुसतीच पडून राहूनही १०.५ च्या आसपास आली, तर सहापैकी एक सेल गेला असं समजा. बूच उघडता येत असतील तर हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, प्रत्येक सेल बघा. एका सेलची घनता बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने कमी असेल तर ती बॅटरी दुरुस्त होणार नाही.

चार्जरवरून काढल्याकाढल्या मोजू नका. तेव्हा १३ च्या वर आकडा दिसतो आणि माणूस फसतो.

सगळं बंद असताना काय चालू आहे, ते न मोजणं

सर्वात जास्त नुकसान या चुकीमुळे होतं, म्हणून यावर थोडं सविस्तर.

होडीवरचं सगळं बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मल्टीमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या खोबणीत घाला आणि मीटर निगेटिव्ह टर्मिनल व सुटलेली वायर यांच्यामध्ये लावा. आता जो आकडा दिसेल तो तुम्ही झोपलेले असताना जाणारा करंट. मीटर लावलेलं असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मीटर नसेल तर त्याच जागी बारा व्होल्टचा लहान बल्ब धरा. तो मिणमिणला तरी करंट जातो आहे. पण बल्ब फक्त मोठी गळती पकडतो, बारीक गळतीला मीटरच हवं.

बारीक गळतीला हलकं समजू नका. ०.०५ अँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. तेवढ्या काळात ही न दिसणारी गळती ७३ अँपिअर-तास पिऊन जाते. बंदी उठल्यावर पहिल्याच दिवशी शंभर अँपिअर-तासांची चांगली बॅटरी मान टाकते, आणि मालक कंपनीला शिव्या देतो.

आकडा दिसला की एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या लाईनवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरकडे, म्हणजे मशीनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राकडे, जा. त्याच्या आतला, करंट एकाच दिशेने सोडणारा डायोड गळका झाला की करंट रात्रभर उलटा वाहतो. बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, मग पुन्हा मोजा. आकडा शून्यावर आला तर कारण सापडलं.

काकांच्या होडीवर मेन स्विच बंद असतानाही मीटरने ०.३५ दाखवलं. काका म्हणाले, "स्विच तर मी रोज बंद करतो!" खरंच करत होते. पण तळातलं पाणी उपसणारा पंप मेन स्विचवर नसतोच. तो मुद्दामच थेट बॅटरीवर घेतात, म्हणजे होडी एकटी उभी असतानाही पाणी उपसलं जावं.

तळातला सांधा आणि पंप

पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणाऱ्या तरंगत्या (फ्लोट) स्विचची वायर कधीतरी लांब करावी लागली होती. कुणीतरी दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळली होती, आणि तो सांधा होडीच्या तळात खाऱ्या पाण्यात बुडालेला होता. टेप सोडवली तर आतलं तांबं हिरवं पडून भुसभुशीत झालेलं. खारं पाणी करंट वाहतं. ०.३५ अँपिअर म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-तासांहून जास्त. होडी पाच दिवस उभी राहिली की ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्म्याहून अधिक ताकद गेली. आणि हा करंट बॅटरी उतरवून थांबत नाही. पाण्यातून वाट काढताना तो पंख्याचा आणि शाफ्टचा धातूही खातो.

सांधा तळाच्या पाण्याच्या वर उचलून घ्या. लग दाबून बसवा, आत गोंद असलेली गरम करून आवळणारी नळी चढवा. पिळलेल्या तारा आणि टेप खाऱ्या पाण्यात चालत नाहीत, कितीही घट्ट गुंडाळा. पंपाच्या लाईनवर, बॅटरीच्या जवळ, फ्यूज हवाच. पण बॅटरी वाचवायची म्हणून पंपाची वायर काढून ठेवण्याचा विचार कृपा करून करू नका. एका पावसाच्या रात्रीत होडी भरते.

आणखी एक गोष्ट. पंप बंद झाला की पाइपमधलं पाणी परत तळात येतं, फ्लोट पुन्हा उचलला जातो, पंप पुन्हा सुरू. चार अँपिअरचा पंप तासाला दहा मिनिटं असा चालला तर दिवसाला १६ अँपिअर-तास गेले. पाइप वर वळवून वळसा देणं किंवा एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह घालणं हा उपाय. त्यासाठी पंप बनवणाऱ्याची सूचना वाचा, कारण काही पंपांना असा व्हॉल्व्ह चालत नाही. पंप एवढा का चालतो, हेही शोधा. होडी कुठेतरी झिरपत असेल.

जमा किती, खर्च किती

चोर नसेल तर कागद घ्या. २५ वॅटचा जुना दिवा दोन अँपिअर घेतो. असे दोन दिवे दहा तास, म्हणजे ४० अँपिअर-तास. लहान आउटबोर्ड मशीनची चार्जिंग कॉइल वेगात असताना पाच-सहा अँपिअर देते, मंद चालीत जवळजवळ काहीच नाही. जाळं टाकून रात्रभर मंद चालीवर राहायचं आणि बॅटरी भरेल अशी आशा धरायची, हे गणित जमत नाही. एलईडी दिवे लावा, पहिला फरक तिथेच पडेल. ४० वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दहा-बारा अँपिअर-तास देतं, पण मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी जास्त भरू न देणारी पेटी, हवा.

डिझेल मशीनला अल्टरनेटर असेल तर मशीन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर आधी पट्टा तपासा. मशीन चालू असताना बॅटरीचा स्विच कधीही बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जाऊ शकतात.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड आणि झाकणावरचं ओलं मीठ हीसुद्धा गळतीच. मगभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून घासा. बूच घट्ट लावलेले असू द्या, सोडा आत गेला तर बॅटरी बिघडते. कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही. नवी आणि जुनी बॅटरी जोडीने लावू नका, जुनी नवीला खाली ओढते.

बंदीच्या काळात बॅटरी घरी आणा. आमच्याकडे अजूनही लोक फळीवर ठेवतात, फरशीवर ठेवली तर उतरते म्हणून. ते जुन्या लाकडी-रबरी पेट्यांच्या वेळचं आहे, आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही. उन्हात मात्र नको. महिन्यातून एकदा चार्ज करा, उतरलेल्या अवस्थेत राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको. वायरी काढताना निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी लावा.

काकांची तिसरी बॅटरी मी परत घेतली नाही, नवीही दिली नाही. चार्ज करून तीच लावली. पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला, पाच दिवस उभ्या होडीवर मीटर १२.६ दाखवत होतं.